वसई पडली तो दिवस कोणता?

गेल्या फाल्गुनांत आमचा एक पुतण्या इंग्लंडांतून चार दिवसांकरितां घरीं आला होता. तिकडे ज्या जुन्या शहरांत तो राहतो, त्या शहराची एक लहानशी पुस्तिका त्यानें आमच्यासाठीं मुद्दाम आणिली. पुस्तिकेंत कथा नाहीं कीं वर्णन नाहीं, केवळ तारखा. अमुक सालीं राजानें सनद दिली, अमुक सालीं पूल वाहून गेला, अमुक दिवशीं पहिली आगगाडी आली, अमुक रात्रीं शत्रूच्या विमानांनीं बाँब टाकिले; असें करीत करीत आठशें वर्षांचा हिशेब चाळीस पानांत उरकलेला. रात्रीं जेवणें झाल्यावर ती पुस्तिका घरांत हातोहात फिरली. नववींत शिकणारा आमचा नातू ती चाळून म्हणाला, “आजोबा, आपल्या डोंगरीला अशा तारखा नाहींत का?” त्यावर सूनबाई आंतून म्हणाल्या, “अरे, मामंजींना हें विचारलेंस खरें, पण आतां चार महिने घरांत दुसरा विषय निघावयाचा नाहीं!”

सूनबाईंचें भाकित अक्षरशः खरें ठरलें, आणि त्याचें फळ आज आमच्या वाचकांच्या पदरीं पडत आहे. गांवांतील कांहीं तरुण मंडळींच्या कानीं ही गोष्ट गेली. त्यांनीं गांवच्या तारखांचा एक फलक रंगवून लावण्याचें ठरविलें आणि मजकूर जमविण्याचें काम ‘जुने मास्तर’ म्हणून आमच्याकडे दिलें. आम्हांस वाटलें, दोन संध्याकाळचें काम. परंतु एका तारखेनें आम्हांस असें अडविलें कीं, तिच्यापायीं आम्हांस चार महिने जंत्र्या उलटाव्या लागल्या, आणि शेवटीं एका जुन्या विद्यार्थ्याच्या दारीं जाऊन आपली चूकही कबूल करावी लागली. ती हकीकत येथें क्रमानें सांगतों.

प्रथम डोंगरी म्हणजे कोणती, हें सांगणें अवश्य आहे. मुंबईंतील डोंगरी नव्हे. भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेस, मिठागरें मागें टाकून समुद्राकडे गेलें म्हणजे धारावी बेट लागतें. ही धारावीही मुंबईंतील सुप्रसिद्ध धारावी नव्हे! उत्तन, डोंगरी, गोराई, मनोरी हीं या बेटावरील गांवें. हा सारा मुलूख साष्टी प्रांतांतला. सासष्ट गांवांची ती साष्टी. आणि गोव्यांत आणखी एक साष्टी आहे ती निराळीच. याप्रमाणें आमच्या गांवाचें, बेटाचें आणि प्रांताचें, तिहींचींही नांवें दुसऱ्यांशीं जुळणारीं. तेव्हां इतिहास वाचतांना मनुष्यानें पदोपदीं सावध राहिलेलें बरें. आमचे शेजारी बहुतेक ख्रिस्ती. त्यांच्या घरांत मराठीच बोलली जाते. १८८७ सालीं राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वेळीं त्यांच्या पुढाऱ्यांनीं आपल्या समाजास ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. पण माणसें त्यापूर्वीं कित्येक शतकें येथलींच.

आतां तारखा. जवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत शिलाहार कपर्दीच्या काळचे शके ७७५ आणि शके ७९९ असे स्पष्ट आंकडे कोरलेले आहेत. म्हणजे इसवी सनाच्या नवव्या शतकांत आमचा प्रांत कोणाच्या अमलाखालीं होता हें दगडच सांगतो. पुढें २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें तह करून वसई आणि तिच्याबरोबर साष्टी व मुंबई हीं पोर्तुगीजांस दिलीं. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला मराठ्यांपासून घेतला. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली, व वसई मराठ्यांस परत मिळाली. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्याच वसईंत दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह करून आपलें स्वातंत्र्य गहाण टाकिलें. १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते मुंबईचें बॅकबे अशी आगगाडी रोज धांवूं लागली. १९८५ सालीं मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा निघाला तेव्हां वसई तिकडे गेली व आम्ही ठाण्यांतच राहिलों. एवढें सर्व दोन संध्याकाळींच झालें होतें. अडलें तें वसईच्या पाडावापाशीं.

ती मोहीम आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तरी डोंगरीवरून ती कशी दिसते तें थोडक्यांत सांगतों. १७३७ च्या वसंतांत बाजीरावांचे धाकटे बंधु चिमाजीआप्पा यांच्या फौजांनीं ठाण्याचा अपुरा राहिलेला किल्ला घेतला आणि साष्टी हस्तगत केली. परंतु वसई कांहीं पडेना. वसईच्या कोटास तीन बाजूंनीं पाणी, आणि त्या पाण्यावर पोर्तुगीजांचीं जहाजें. खाडीच्या अलीकडे, आमच्या बेटाच्या उत्तर टोंकावर, धारावीचा किल्ला होता. चौक या वस्तीजवळ उभें राहिलें असतां समोर वसईचा कोट दिसतो, त्यावरून या जागेचें महत्त्व लहान मुलाच्याही ध्यानांत यावें. धारावी ज्याच्या हातीं, त्याच्या तोफांखालीं खाडीचें तोंड. म्हणून त्या दोन वर्षांत धारावीसाठीं पुन्हां पुन्हां झुंज झाली, आणि मार्च १७३९ मध्यें ती मराठ्यांनीं घेतली तेव्हांच वसईच्या गळ्याभोंवतीं फांस आवळला गेला. पुढें मे महिन्यांत तटाखालीं सुरुंग उडवून खिंडारें पाडिलीं, दोहोंकडील पुष्कळ माणसें कामास आलीं, आणि पोर्तुगीजांनीं पांढरें निशाण दाखविलें. शस्त्रें व चीजवस्तु घेऊन बाहेर पडण्याची मुभा त्यांस मिळाली. त्या मुलखांतील चर्चच्या मोठमोठ्या घंटा पुढें महाराष्ट्रांतील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील प्रसिद्ध घंटेवर १७२१ हें ख्रिस्ती सन आहे तें याचमुळें. आमच्या भगिनी गोदावरीवर गेल्या असतां ती घंटा पाहतात. ती आमच्या खाडीवरून गेलेली आहे एवढें यापुढें त्यांनीं स्मरावें.

तर वसई पडली तो दिवस कोणता? कपाटांतील एक ग्रंथ उघडला, त्यांत ५ मे १७३९. दुसरा उघडला, त्यांत १६ मे १७३९. पोर्तुगीज शहर सोडून गेले त्या दिवसाचेंही तसेंच. कोठें १२ मे, कोठें २३ मे. नातू म्हणाला, “आजोबा, एकांत छापण्याची चूक असेल.” आम्ही कांहीं बोललों नाहीं, कारण ते दोन आंकडे एकमेकांशेजारीं पाहतांच आम्हांस तीसपस्तीस वर्षांपूर्वींचा एक वर्ग आठवला.

आम्ही त्या वेळीं शाळेंत इतिहास शिकवीत असूं. वर्गांत सनावळ्यांची चढाओढ ठेविली होती, आणि पहिल्यास आम्हीं आपल्या पदरचें एक पुस्तक बक्षीस लाविलें होतें. शेवटीं दोघे राहिले. त्यांतला एक आमच्याच बेटावरील एका कोळ्याचा मुलगा, ख्रिस्ती, अबोल, पण आंकड्यांचा पक्का. त्यास आम्हीं वसईची तारीख विचारली. त्यानें उत्तर दिलें, “सोळा मे.” आमच्या टिपणांत पांच मे होती. आम्हीं उत्तर चूक ठरविलें. तो म्हणाला, “गुरुजी, माझ्या मामांच्या पुस्तकांत सोळाच आहे.” इतक्यांत मागच्या बांकावरून कोणीसें ओरडलें, “ती पोर्तुगीजांची तारीख! हा त्यांच्याकडचा!” वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला. बक्षीस दुसऱ्यास गेलें.

चूक ठरविलें हा एक अपराध, आणि तो अज्ञानाचा. शिक्षकास सर्वच येतें असें नाहीं. परंतु वर्ग हंसला तेव्हां आम्ही गप्प राहिलों, हा दुसरा अपराध. आणि त्यास अज्ञानाची सबब नाहीं. त्या मुलाचे पूर्वज आमच्याहून अधिक पिढ्या या बेटावर राहिलेले. त्यानें एक तारीख सांगितली तेवढ्यावरून त्यास परक्यांच्या पंक्तीस बसविलें गेलें, आणि खडू हातांत असलेला मनुष्य ‘पुढचा प्रश्न’ म्हणाला. तो मुलगा त्यानंतर आमच्या तासाला कधींही आपण होऊन बोलला नाहीं. हें आम्हीं त्या वेळींही पाहिलें होतें. पाहून न पाहिल्यासारखें केलें होतें.

आतां त्या दोन तारखांचा उलगडा. सूर्याभोंवतीं पृथ्वीच्या एका फेऱ्यास तीनशें पांसष्ट दिवस आणि सहा तासांस सुमारें अकरा मिनिटें कमी, एवढा काळ लागतो. रोमच्या जूलियस सीझरनें घालून दिलेल्या पंचांगांत पुरे सहा तास धरिले होते. अकरा मिनिटें ती काय, असें वाटेल; परंतु सव्वाशें वर्षांत त्यांचा एक सबंध दिवस होतो. दीड हजार वर्षांत पंचांग आकाशाच्या इतकें मागें पडलें कीं पोप तेरावा ग्रेगरी यानें १५८२ सालीं दहा दिवस एकदम गाळून टाकिले. ४ ऑक्टोबर, गुरुवार, याच्या दुसऱ्या दिवशीं १५ ऑक्टोबर, शुक्रवार. पोर्तुगालनें ही सुधारणा तत्काळ स्वीकारली. इंग्लंड पोपचें ऐकणारें नव्हे; तें जुन्या गणनेसच चिकटून राहिलें, तें १७५२ पर्यंत. तोंपर्यंत अंतर अकरा दिवसांचें झालें होतें. मग त्यांनीं २ सप्टेंबर, बुधवार, याच्या पुढें १४ सप्टेंबर, गुरुवार, धरिला. ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणून तेथें दंगे झाले अशी गोष्ट पुष्कळ सांगतात, पण ती बहुतेक मागाहून रचलेली, असें आतांचे इतिहासकार मानतात.

म्हणजे १७३९ सालीं आमच्या या चिंचोळ्या किनाऱ्यावर काय स्थिति होती पहा. वसईंतला पोर्तुगीज १६ मे लिहीत होता. त्याच दिवशीं मुंबईंतला इंग्रज ५ मे लिहीत होता. आणि खाडीच्या दोहों तीरांवरील मराठ्यांच्या छावणींतला कारकून वैशाख मास, शुक्ल पक्ष, शके १६६१, सिद्धार्थी संवत्सर या गणनेनें दिवस मोजीत होता. सूर्य एकच उगवला होता, कागद तीन. आमच्या इतिहासकारांनीं साधनें जमविलीं तेव्हां कोणीं इंग्रजी गणना धरिली, कोणीं पोर्तुगीज कागदांवरून तारीख घेतली, आणि दोन्ही आंकडे पुस्तकांत उतरले. खोटें कोणीच लिहिलें नव्हतें.

घरांतल्या मुलांस आम्हीं येथें एक मौज दाखविली. तारीख बदलली तरी वार बदलत नाहीं. १५८२ मध्यें गुरुवारानंतर शुक्रवारच आला, १७५२ मध्यें बुधवारानंतर गुरुवारच आला. सात वारांची माळ कोणीं तोडिली नाहीं. म्हणून जुन्या गणनेच्या ५ मे १७३९ चा वार काढा किंवा नव्या गणनेच्या १६ मे चा काढा, शनिवारच येतो. नातवानें पाटीवर गणित करून तो दोन्हीकडून काढिला, तेव्हां छापण्याच्या चुकीची शंका त्यानें स्वतःच पुसून टाकिली.

दुसरी कसोटी याहून सोपी, आणि ती आपल्या घरच्या पंचांगांतच आहे. अकरा दिवसांत चंद्र लपत नाहीं. थोरल्या बाजीरावांचें देहावसान नर्मदेच्या कांठीं रावेरखेडीस झालें, तें वैशाख शुद्ध १३, शके १६६२. पुस्तकांत तारीख २८ एप्रिल १७४०. ही तारीख आजच्या गणनेनें धरिली तर चंद्र नुकताच अमावास्येंतून बाहेर पडलेला येतो, त्रयोदशी मुळींच येत नाहीं. अकरा दिवस मिळवून ९ मे धरा. त्रयोदशी बरोबर येते. म्हणजे २८ एप्रिल ही जुनी गणना. शिवछत्रपतींचा जन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१. आपण १९ फेब्रुवारी १६३० म्हणतों ती जुन्या गणनेची, आजच्या गणनेनें तो दिवस १ मार्च. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६; ६ जून १६७४ ही जुनी, नवी १६ जून. त्या शतकांत अंतर दहा दिवसांचें होतें, अकरांचें १७०० नंतर झालें, हा बारकावा मात्र विसरूं नये.

सालाचाही घोळ आहे, आणि तो आणखी विचित्र. १७५२ पूर्वीं इंग्रजांचें कायद्याचें वर्ष जानेवारींत सुरू होत नसे; २५ मार्चास सुरू होई. त्यांचा राजा पहिला चार्लस याचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ रोजीं झाला असें वाचतों; त्या वेळच्या कागदांत तें साल १६४८ आहे. आमच्या शेजारच्या मुंबईचेंच घ्या. पोर्तुगीजांनीं ती इंग्रजांच्या स्वाधीन केली तो दिवस १८ फेब्रुवारी १६६५. इंग्रजी गणनेनें तोच दिवस ८ फेब्रुवारी, आणि सन १६६४! एकाच मेजावर बसून दोघांनीं एकाच वेळीं कागद केला असता, तरी पाहणाऱ्यास वाटावें कीं मध्यें वर्ष लोटलें. पुतण्यानें आणिलेल्या पुस्तिकेंतील जुन्या तारखाही मग आम्हांस तितक्या निःशंक वाटेनात. त्यांतील जानेवारी-फेब्रुवारीची प्रत्येक जुनी नोंद आतां आम्ही संशयानें पाहतों.

हीं कोष्टकें आपल्याकडे नव्हतीं असें नाहीं. ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं रॉबर्ट सीवेल या इंग्रज गृहस्थाबरोबर तिथीवरून तारीख काढण्याचीं कोष्टकें १८९६ सालींच प्रसिद्ध केलीं. दीक्षितांचा पेशा शिक्षकाचा. त्यांच्याच पेशांतल्या आम्हीं शंभर वर्षांनीं वर्गांत उभें राहून ‘पांच बरोबर, सोळा चूक’ असें सांगावें, यासारखी लाजेची गोष्ट नाहीं.

फलकाचा मजकूर पुरा होण्यापूर्वीं त्या विद्यार्थ्यास भेटणें आम्हांस अवश्य वाटलें. तो आतां पन्नाशीकडे झुकलेला. स्वतःची होडी आहे, मुलें शिकलेलीं आहेत. एका संध्याकाळीं नातवास बरोबर घेऊन आम्ही त्याच्या घरीं गेलों. तो ओट्यावर जाळें दुरुस्त करीत बसला होता. आम्हांस पाहतांच उठून उभा राहिला आणि आंतून खुर्ची आणविली. आम्हीं प्रस्तावना केली नाहीं. “अरे, वसईची तारीख तूं सोळा मे सांगितली होतीस. ती बरोबर होती. माझ्या टिपणांतली पांचही बरोबर होती. पण तें मला ठाऊक नव्हतें. आणि वर्ग हंसला तेव्हां मीं त्यांना गप्प करावयास हवें होतें.”

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “गुरुजी, तें पुस्तक मामांनीं मला नंतर देऊन टाकलें. अजून घरांत आहे.” एवढेंच. राग नाहीं, कीं ‘जाऊं द्या हो’ असेंही नाहीं. तो ‘जाऊं द्या’ म्हणाला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. तो म्हणाला नाहीं, आणि तेंच योग्य होतें.

नातवानें मध्येंच आपला कागद पुढें केला आणि तीन गणना त्यास समजावून सांगितल्या. त्यानें लक्ष देऊन ऐकिलें आणि विचारलें, “त्या दिवशीं तिथि काय होती?” आम्ही म्हणालों, “वैशाख शुद्धाची अष्टमी-नवमी.” तो म्हणाला, “म्हणजे भांगाचें पाणी. आणि पोर्तुगीज निघून गेले तो दिवस?” आम्ही म्हणालों, “त्यानंतर सातवा दिवस. म्हणजे वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास.” तेव्हां तो हंसला. “मग उधाण. खाडी तुडुंब भरलेली. माणसें, सामान घेऊन जड गलबतें बाहेर काढायचीं तर मी सुद्धां तेंच पाणी धरीन.”

वाचकहो, आम्हीं चार महिने जंत्र्या उलटल्या, परंतु हें आमच्या मनांत आलें नव्हतें. त्या गलबतांच्या तांडेलांनीं पाणी पाहूनच दिवस धरिला, असें कागद दाखवून आम्ही म्हणूं शकत नाहीं. पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें, एवढें मात्र निर्विवाद. ५ मे या आंकड्यावरून पाणी कळत नाहीं, १६ मे यावरूनही कळत नाहीं; तिथीवरून कळतें. आम्ही ब्राह्मण तिथि पाहतों ती श्राद्धास आणि एकादशीस. आमचे ख्रिस्ती कोळी शेजारी नाताळ तारखेनें करितात, आणि दर्यावर जातात ते तिथीनें. जी गोष्ट आपण ‘आपली’ म्हणून देवघरांत जपतों, ती त्यांच्या होडीवर रोजच्या वापरांत आहे. आणि जी तारीख आमच्या वर्गानें ‘त्यांची’ म्हणून हंसण्यावारी नेली, ती सरकारी कागदापासून नातवाच्या वाढदिवसापर्यंत आज आपण सर्वच पाळीत असलेल्या गणनेची आहे.

फलक आतां लागला आहे. वसईच्या ओळीस आम्हीं तिन्ही गणना दिल्या आहेत: शके १६६१, वैशाख शुद्ध पक्ष, जुन्या गणनेनें ५ मे १७३९, नव्या गणनेनें १६ मे १७३९, वार शनिवार. रंगविणारे तरुण म्हणाले, “मास्तर, एका ओळीची जागा आहे, तुम्हीं तीन केल्या.” आम्ही म्हणालों, आगगाडीची ओळ बारीक करा, पण ही पुरी लिहा. धारावीची ओळही तिच्या वरच आहे. ज्या बेटावर आम्ही राहतों त्याचें नांव त्याच मोहिमेंत आहे, हें येथल्या मुलांस कळलें पाहिजे. फलक लागला त्या दिवशीं तो विद्यार्थीही आला होता. त्यानें ती ओळ वाचिली आणि शेजारीं उभ्या असलेल्या आपल्या मुलीस बोटानें सोळा हा आंकडा दाखविला. आम्ही जरा लांबच उभे राहिलों.

जातां जातां वाचकांस एक विनंति. आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं जुनीं बाडें, जन्मपत्रिका, कुलवृत्तान्ताचे कागद असतील. त्यांतील १७५२ पूर्वींची कोणतीही इंग्रजी तारीख मागाहून कोणी लिहिलेली आढळली, तर ती कोणत्या गणनेची हें तिथि व वार पाहून ठरवावें. आणि पत्रिकेवरची मूळ तिथि खोडूं नये. तसेंच घरांत आज जीं बाळें जन्मास येत आहेत, त्यांची तारीख तर सरकारदरबारीं नोंदली जातेच. घरच्या वहींत तिच्याशेजारीं तिथि आणि वारही लिहून ठेवावा. तीन साक्षी असल्या म्हणजे दोनशें वर्षांनीं एखाद्या मास्तरावर आमच्यासारखा प्रसंग येणार नाहीं.

आमच्या शिक्षकबंधूंस मात्र एवढेंच सांगणें आहे: मुलगा आपल्या टिपणांत नसलेलें उत्तर देईल तर लगेच फुली मारूं नये. ‘हें तूं कोठें वाचलेंस?’ असें एकदां विचारावें, आणि उत्तर पुरतें ऐकून घ्यावें. आम्हीं तें विचारावयास तीसपस्तीस वर्षें लाविलीं.